कुजलेल्या फांदीवरचा उजेड

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला डावीकडे वळले की घोडेगाव लागते. पुढे डिंभे धरणाचे पसरलेले पाणी आणि मग घाटाची चढण. पावसाळ्यात हा रस्ता भातखाचरांमधून जातो. गुडघाभर चिखलात वाकून आवणी करणारी माणसे, पाठीवर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि वर डोंगराला टेकलेले ढग. रस्ता जेथे संपतो ते भीमाशंकर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असल्याने श्रावणात हिंदू बांधवांची मोठी गर्दी होते. पंढरपूरला जाऊन पोहोचणारी भीमा नदी याच डोंगरात उगम पावते.

मंदिराच्या भोवतीचे जंगल 1985 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 131 चौरस किलोमीटर आहे. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी असलेली ती मोठी तांबूस खार, हे या अभयारण्याचे मुख्य कारण. आम्ही तीन शिक्षक कुटुंबे श्रावणाची गर्दी सुरू होण्याआधी जुलैअखेर तेथे गेलो. मुलांना शेकरू पाहायचे होते. आम्हा मोठ्यांना मात्र अशा एका जिवाची दुनिया मुलांना दाखवायची होती, जो लोणच्यावर दिसला तर आपण बरणी रिकामी करतो आणि भाकरीवर दिसला तर भाकरी टाकून देतो. तो जीव म्हणजे बुरशी.

आपल्या घरात या जिवाला नावे पुष्कळ आहेत. मराठीत अन्नावर येते ती बुरशी, जमिनीतून छत्रीसारखे उगवते ते भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री, आणि ताटात येते ती अळंबी. उर्दूत फफूंद आणि खुंबी. वर्गात मी मुलांना विचारते, तेव्हा बहुतेकांना फफूंद आणि खुंबी या दोन अगदी वेगळ्या वस्तू वाटतात. प्रत्यक्षात घराणे एकच आहे. शेतकऱ्याला हे घराणे शत्रू म्हणूनच अधिक ठाऊक असते. भातावरचा करपा, आंब्याच्या मोहरावरची भुरी, गव्हावरचा तांबेरा ही सारी बुरशीचीच कामे. पण जंगलात गेले की हाच जीव वेगळ्या कामावर दिसतो.

वनखात्याच्या परवानगीने आणि गावातल्या एका वयस्कर वाटाड्याबरोबर आम्ही जंगलात शिरलो. ते महादेव कोळी समाजाचे. पावसाळ्याआधी बाळहिरडा गोळा करायचा आणि पाऊस पडला की भात लावायचा, असे त्यांचे वर्ष जाते. मुलांनी त्यांना लगेच मामा करून टाकले. जंगलात पाऊस थांबला तरी पाऊस चालूच असतो. पानांवरून ठिबकत राहतो. हिरडा, जांभूळ, अंजन, उंबर, आंबा यांच्या दाटीत दुपारी अकरालाच संध्याकाळ झाल्यासारखी वाटली.

वाटेत एक प्रचंड झाड आडवे पडले होते. साल अर्धी गळून गेलेली, अंगावर शेवाळ, आणि खोडाच्या कडेने तपकिरी रंगाचे अर्धगोल कंगोरे, जणू भिंतीत ठोकलेल्या छोट्या फळ्या. दुसऱ्या टोकाला मऊ, लोंबत्या, कानाच्या पाळीसारख्या बुरशी. आमच्यापैकी एकाचा मुलगा म्हणाला, "मामा, एवढं मोठं लाकूड असंच वाया चाललंय की!"

मामा हसले. "वाया कशाला जाईल? आता तर खरं कामाला लागलंय त्ये."

त्या एका वाक्यात वर्षभराचा विज्ञानाचा तास होता. झाडाचे लाकूड मुख्यतः दोन गोष्टींचे बनते. सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. घराच्या स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट असावे तसे. हे सिमेंट फोडणे फार अवघड. ते पुरते मोडून काढण्याचे कौशल्य सजीवांमध्ये प्रामुख्याने काही बुरशींकडेच आहे. अशी बुरशी लागलेले लाकूड पांढरट, तंतुमय आणि ओल्या कापसासारखे मऊ होत जाते. दुसऱ्या जातीच्या बुरशी सेल्युलोज खातात आणि लिग्निन बरेचसे मागे ठेवतात. तेव्हा लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भुगा होते. दोन्ही प्रकारांनी शेवटी झाडाने आयुष्यभर मातीतून उचललेले नत्र, स्फुरद, चुना पुन्हा मातीत उतरतो. हे काम थांबले तर जंगल आपल्याच मेलेल्या लाकडाखाली गाडले जाईल आणि नव्या रोपाला खायला काही उरणार नाही.

आपल्याला दिसते ती छत्री किंवा तो कंगोरा हे बुरशीचे केवळ फळ. झाड म्हणावे असे तिचे खरे शरीर लाकडाच्या आत आणि मातीखाली बारीक धाग्यांच्या जाळ्यात असते. मामांनी कुजकी पाने हलकेच उचलून दाखवली. पानापानांमध्ये पांढऱ्या सुताने टाके घातल्यासारखे दिसत होते. हे टाके उताराच्या जंगलात फार मोलाचे असतात. मुसळधार पावसात पाचोळा वाहून जाऊ न देता ते त्याला एकत्र बांधून ठेवतात. पाचोळा टिकला की खालची माती टिकते.

बुरशी ही वनस्पती नव्हे, हेही मुलांना तेथेच सांगितले. तिच्यात हिरवा रंग नाही, ती उन्हापासून अन्न बनवत नाही. तिच्या पेशींची भिंत ज्या कायटिनची असते, त्याच कायटिनचे कवच कोळंबी आणि खेकड्याला असते. शास्त्रज्ञांच्या हिशेबात बुरशीचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचे आहे. आजवर बुरशीच्या दीड लाखाच्या आसपास जातींना नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षात 22 ते 38 लाख जाती असाव्यात, असा 2017 मध्ये मांडलेला अंदाज आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. आकाशातील तारे मोजणारा माणूस आपल्या पायाखालचे धागे अजून मोजतोच आहे.

थोडे पुढे गेलो तर उंच झाडाच्या खोडात एक गोल भोक दिसले. मुले सुतार पक्षी शोधू लागली. जिवंत, निकोप लाकूड कोरणे सुतार पक्ष्यालाही जड जाते. झाडाच्या गाभ्यात बुरशी शिरून लाकूड मऊ झाले की त्याचे काम सोपे होते. सुतार पक्षी आणि तांबट अशी भोके कोरतात. फांदी मोडलेल्या जागी बुरशी शिरून मोठ्या ढोल्या तयार होतात, त्यात घुबडे राहतात. सह्याद्रीतला धनेश तर स्वतः ढोली कोरूच शकत नाही. त्याला आयती ढोली लागते. मादी आत बसते, दार लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला चारा भरवतो. म्हणजे त्या पक्ष्याच्या घराचे बांधकाम वर्षानुवर्षे आधी एका बुरशीने करून ठेवलेले असते. खोडाला कीड लागली म्हणून जुनी झाडे तोडून जंगल "सुधारले" तर पहिली गदा या घरांवर येते.

जिवंत झाडांशी बुरशीचा आणखी एक करार आहे. जगातील दहापैकी आठ-नऊ वनस्पतींच्या मुळांमध्ये किंवा मुळांभोवती बुरशीचे धागे राहतात. मूळ जेथे पोहोचत नाही तेथून हे धागे पाणी आणि स्फुरद आणून देतात, आणि त्याच्या बदल्यात झाड पानांत बनवलेली साखर त्यांना देते. आपल्या सह्याद्रीतील बहुतेक झाडांच्या मुळांतील बुरशी इतकी सूक्ष्म असते की ती जमिनीवर छत्री म्हणून कधी दिसतही नाही. फांद्यांवर वाढणाऱ्या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, बी तर धुळीच्या कणाएवढे. त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरीच नसते. योग्य बुरशी भेटली, तिने त्याला भरवले, तरच ते रुजते. शेकरू ज्या फांद्यांवरून उड्या मारत होते (हो, दुपारी एक दिसले, लांब झुपकेदार शेपटी खाली सोडून जांभळावर बसलेले), त्या फांद्यांचे पोषणही या जमिनीखालच्या देवाणघेवाणीवर चालते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, पण त्याचा निर्वाह जमिनीखालूनच होतो.

परतीच्या वाटेवर मामा एका वारुळापाशी थांबले. अजून तेथे काही उगवले नव्हते. "दोन-चार दिसांत येईल बगा. आमच्याकडं खायची अळंबी हीच."

वारुळावरच्या या अळंबीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपण वाळवी किंवा दीमक म्हणतो त्या किड्यांच्या काही जाती शेती करतात. कामकरी वाळवी सुके लाकूड आणि पाचोळा खाऊन आत आणते. अर्धवट पचलेल्या त्या मालाचे वारुळात पोळ्यासारखे वाफे रचते आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते. बुरशी लाकडाचे कठीण भाग मोडते आणि वाळवी ते खाते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. पावसाने जमीन भिजली की हीच बुरशी वारुळातून लांब दांड्याची छत्री वर काढते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तेथील रोयणीची अळंबी पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाते. विदर्भात तिलाच सात्या म्हणतात. धिंगरी किंवा बटण अळंबी कारखान्यात पिकते. ही मात्र वाळवीशिवाय पिकवणे माणसाला अजून साधलेले नाही.

सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांच्या वफातीचा प्रसंग आहे. ते आपल्या असाचा आधार घेऊन उभे होते. जमिनीवरच्या एका किड्याने ती काठी आतून पोखरली आणि ती पडली, तेव्हा कोठे त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या जिन्नांना कळले की ते आता हयात नाहीत. हा किडा म्हणजे दीमक, असे मुफस्सिर सांगतात. मुलांना ही कथा पाठ होती. वारुळापाशी उभे राहून ती पुन्हा सांगितली तेव्हा मात्र धाकटीने विचारले, "अम्मी, म्हणजे एवढासा किडा बादशाहाची काठीसुद्धा मातीत मिळवतो?" मी म्हटले, मिळवतो, आणि त्याच मातीतून पुन्हा झाड उगवते. पावसाने मेलेली जमीन जिवंत होते, याकडे कुरआन आपले लक्ष पुनःपुन्हा वेधतो. ते जिवंत होणे कशाकशातून घडते, हे पाहणे हाही त्या निशाणीवर विचार करण्याचाच भाग आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट घरोघरी सांगायला हवी. मामांसारखी माणसे एकच जात ओळखतात, तीही वारुळावरची, आणि बाकी कशालाही हात लावत नाहीत. आपल्याला तेवढीही ओळख नसते. विषारी छत्री ओळखण्याच्या घरगुती युक्त्या, म्हणजे चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किडे तिला खातात का, या साऱ्या खोट्या आहेत. काही जातींचे विष शिजवून किंवा वाळवूनही जात नाही. त्या खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरे वाटते आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. जंगली छत्री खाल्ल्यावर त्रास झाला तर बरे वाटेल म्हणून थांबू नये. उरलेला तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

काही वाचक म्हणतील की हदीसमध्ये खुंबीचा उल्लेख आहे. आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये "कमआ"ला प्रेषितांनी (सल्ल.) "मन्न"च्या प्रकारातील म्हटले आहे आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. उर्दू तर्जुम्यांत त्यासाठी खुंबी हा शब्द येतो, म्हणून आपल्या डोळ्यांपुढे छत्री उभी राहते. कमआ ही अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली वाढणारी, बटाट्यासारखी दिसणारी बुरशी. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक कुवेतमध्ये असतील तर त्यांनी बाजारात "फगा" या नावाने ती पाहिली असेल. विशेष म्हणजे तीही वाळवंटातील लहान झुडपांच्या मुळांशी तोच करार करून जगते. कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी रिझ्क उगवते. पण त्या हदीसच्या आधारे आपल्या अंगणातली कोणतीही छत्री पिळून डोळ्यांत घालणे हा धोका आहे. नाव एक झाले म्हणून वस्तू एक होत नाही.

मगरिबनंतर पाऊस थांबला. मुक्कामाच्या घराच्या पडवीत इशा उरकून आम्ही मामांच्या मागोमाग निघालो. त्यांनी पहिली गोष्ट केली ती सगळ्यांच्या बॅटऱ्या आणि मोबाईल बंद करायला लावले. अंधार इतका की हाताला हात दिसेना. मुले घाबरून चिकटून उभी. पहिली दहा मिनिटे काहीच नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग कोणीतरी कुजबुजले, "ते काय?" पायाजवळची एक फांदी फिकट हिरवट उजेडाने उमटली होती. मग दुसरी. मग पाचोळ्यातले एक पान, कडा आणि शिरांसकट. नंतर सगळीकडेच, चांदण्याचा चुरा सांडावा तसे.

ही मायसीना कुळातील बुरशी. पावसाळ्यात ओलसर, कुजत्या काटक्यांवर ती वाढते. तिच्या धाग्यांमध्ये ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की उष्णतेऐवजी उजेड बाहेर पडतो. काजव्याचा उजेडही याच तऱ्हेचा, फक्त पदार्थ वेगळा. असा उजेड देणाऱ्या बुरशी जगभरात शंभराच्या आसपास माहीत आहेत. उजेड कशासाठी, याचा एक शोध ब्राझीलमध्ये लागला. तेथील शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवले की त्या देशातील एका बुरशीचा उजेड रात्री वाढतो आणि त्याकडे किडे खेचले जातात. घनदाट जंगलात वारा नसतो, तेव्हा बुरशीचे बीजकण दूर नेण्याचे काम हे किडे करत असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोंत हा उजेड झगझगीत हिरवा दिसतो, कारण कॅमेऱ्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवलेले असते. डोळ्यांना तो फार मंद दिसतो, आणि म्हणूनच तो पाहायला शांतता व अंधार लागतो. अडचण येथेच आहे. तो फोटो पाहून पावसाळ्याच्या सुट्ट्यांत माणसे येतात, बॅटऱ्या मारतात, पाचोळा तुडवतात, आणि चमकणाऱ्या काटक्या पिशवीत भरतात. त्या रात्रीही दुसऱ्या एका गटातील दोघेजण डबा घेऊन आले होते. मामा त्यांना म्हणाले, "दादा, घरी नेऊन काय मिळणार? ती वाळली की इझली." ते खरे आहे. उजेड जिवंत धाग्यांचा असतो. ओल संपली, धागा मेला, की हातात उरते नुसती काटकी. एकाने काटकी खाली ठेवली. दुसऱ्याने नेली.

अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज नेणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा समजूत अधिक काम करते. मेलेले लाकूड म्हणजे कचरा, या आपल्या समजुतीमुळे जंगलाचे जेवढे नुकसान होते तेवढे कुऱ्हाडीशिवाय क्वचितच कशाने होत असेल. पडलेले झाड उचलले की त्याबरोबर पुढची शंभर झाडे उचलली जातात. वारूळ फोडून अळंबीच्या कळ्या काढल्या की पुढच्या वर्षीची वाट बंद होते. त्या डोंगरात राहणारी माणसे सरपणासाठी सुकी काटकी वेचतात, ती त्यांची गरज आहे. आपण तेथे गरजेपोटी जात नाही.

पृथ्वीवर माणूस खलीफा आहे, म्हणजे मालकाच्या वतीने सांभाळ करणारा, हे आपण वाझमध्ये अनेकदा ऐकतो. अमानतीचा पहिला नियम हाच की जी वस्तू आपल्याला निरुपयोगी वाटते तीही न विचारता टाकायची नाही. मालकाला ती कशासाठी लागते हे आपल्याला कोठे ठाऊक असते? कुजलेली फांदी त्या हिशेबात मोडते.

हे शिकायला भीमाशंकरलाच जायला हवे असे नाही. गावाकडे वाडी असेल, घरामागे चार झाडे असतील, शाळेच्या आवाराला कोपरा असेल, तर तेथला पालापाचोळा जाळू नका. एका बाजूला त्याचा ढीग राहू द्या. पडलेला एखादा ओंडका कुंपणाशी तसाच ठेवा. पावसाळ्यात मुलांना त्याच्यापाशी न्या, हात लावू देऊ नका, फक्त रोज पाहायला सांगा. कोणत्या दिवशी पांढरे सूत दिसले, कोणत्या दिवशी छत्री आली, किती तासांत मिटली, तेथे गोगलगाय आली की गोम, हे वहीत तारखेसह लिहायला लावा. आमच्या शाळेत या वर्षी सहावीच्या मुलांनी अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर एका मुलीने उर्दूत शीर्षक लिहिले आहे, "लकडी का काम", आणि त्याखाली मराठीत पहिली नोंद: आज काही दिसले नाही, पण ओंडका गेल्या सोमवारपेक्षा मऊ झाला आहे.